जामनेरात सध्या काय वाचतात?

आमच्या जळगावच्या मोटार अड्ड्यावर तिकीट काढायचं म्हणजे दोन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत. पहिला प्रश्न, "कुठं जायचं?" हा कुठल्याही गावच्या अड्ड्यावर विचारतात. दुसरा फक्त आमच्याकडे. "बरं, सध्या काय वाचताय?"

विचारणारे सखारामनाना. पत्र्याच्या खोक्यात बसून ते सर्व्हिस मोटारींची तिकिटं फाडत. काळी टोपी, कानावर पेन्सिल, आणि चेहरा असा की हा माणूस थट्टा करतोय असा संशयसुद्धा येऊ नये. उत्तर मिळाल्याशिवाय त्यांचा हात तिकिटाकडे जायचा नाही. मोटार भोंगा वाजवो नाहीतर ड्रायव्हर कपाळ बडवून घेवो.

मी समोरच्याच रस्त्यावरच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करी. त्यामुळे नानांचा ताप सगळ्यात जास्त मला. एकदा एक गृहस्थ धापा टाकत आले आणि म्हणाले, "लवकर एखादं पुस्तक द्या हो, अमळनेरची मोटार सुटतेय."

"कोणतं देऊ?"

"कुठलंही. नाव सांगता आलं म्हणजे झालं."

पण नुसत्या नावावर नाना सुटू देत नसत. "कुठवर आलात?" असं लगेच विचारत. त्या गृहस्थांची अमळनेरची मोटार गेली. पुढच्या मोटारीची वाट बघत त्यांना अड्ड्यावरच बसावं लागलं, आणि हातात पुस्तक होतंच, तेव्हा करणार काय, वाचलं. पुढच्या आठवड्यात ते दुसरं न्यायला आले. आमच्या वाचनालयाचे अर्धे वर्गणीदार असे नानांनी धाकानं आणलेले आहेत, हे मी कार्यकारी मंडळासमोर बोललो नाही, पण खरं ते खरं.

वाचता येत नाही ही सबब तिथं चालत नसे. एरंडोलकडचा एक म्हातारा शेतकरी एकदा हात जोडून म्हणाला, "माले वाचता येत नही, भाऊ."

"मग ऐकत तर असाल? घरात कोण वाचतं?"

"मना नातू वाचस, मी ऐकस."

"काय वाचतो?"

"शाळानं पुस्तक. राजानी गोष्ट."

"मग काय झालं राजाचं?"

म्हाताऱ्यानं पागोटं सारखं केलं आणि तिथंच राजाची गोष्ट सुरू केली. राजाना घोडा मरी गया, इथपर्यंत येईतो मागची रांग कुरकुरायची थांबली होती. आयुष्यात त्याला असा प्रश्न कुणी विचारला नसावा. तिकीट घेऊन मोटारीकडे जाताना तो मामलेदारासारखा चालत होता.

दिवस लढाईचे. पेट्रोल मिळत नसे, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागं भट्टी लावलेली, ती तापेपर्यंत उतारूंनी करायचं काय? तर नानांनी विचारलेलं एकमेकांना विचारायचं. इकडे क्लीनर भट्टीचा पंखा फिरवतोय, तिकडे बाकावर कुणी गुप्तहेराच्या कादंबरीतला खून सांगतोय, असा तो अड्डा. मदनलालजी म्हणून आमचे कापसाचे दलाल होते. ते एरंडोलला उतरायचे, ते शेजारच्याची कादंबरी संपेना म्हणून पार धुळ्यापर्यंत गेले आणि दुसऱ्या मोटारीनं परत आले. "धुळ्याला कुणाकडे गेला होतात?" असं घरी विचारलं तर काय सांगणार बिचारे?

धुळ्याचे लोक स्वतःला फार वाचणारे समजतात. समजोत. तिथल्या देवपुरातले एक वकील जळगावहून परत जायला निघाले होते. नानांचा प्रश्न ऐकून ते रागावले. "अहो, माझ्या घरी कपाट भरून पुस्तकं आहेत."

"कपाट वाचत असेल," नाना शांतपणे म्हणाले, "तुमचं काय चाललंय?"

वकीलसाहेब पुढं कित्येक दिवस हा किस्सा स्वतःच सांगत हिंडले, आणि मग येताना काखेत एक पुस्तक ठेवू लागले. मला सांगा, असा अड्डा धुळ्याला होता का? नाशकाला होता? आमच्या जळगावात होता, आणि मला त्याचा अभिमान आहे. कुणाला हसायचं असेल त्यानं हसावं.

आता गंमत अशी की नाना स्वतः काहीच वाचत नसत. वाचनालयाची पायरीसुद्धा ते कधी चढले नव्हते. कुणी उलटून विचारलं, "तुमचं काय चाललंय, नाना?" तर म्हणत, "मी विचारतो, तेवढं पुरे." लोकांना वाटे, विक्षिप्तपणा आहे, दुसरं काय. माझं घर त्यांच्या भिंतीला भिंत लागून असल्यामुळे मला थोडं जास्त ठाऊक होतं.

नानांना एकच मुलगी, वच्छी. आई लहानपणीच गेलेली. नानांनी तिला शाळेत घातलं, आणि लिहितावाचता येऊ लागल्यापासून ती रोज संध्याकाळी बापाला कादंबरी वाचून दाखवी. नाना जेवत असत आणि ती वाचत असे. तेव्हा पुस्तकं तीच आमच्याकडून नेई. आणि वाचणं कसं? प्रत्येक पात्राचा आवाज वेगळा. दुष्ट माणूस बोलायला लागला की ही दोन बोटांनी नाक धरायची आणि गेंगाण्या आवाजात बोलायची. भिंतीपलीकडे माझी बायको पोळ्या लाटता लाटता ऐकायची आणि एकटीच हसायची. "आमच्या वच्छीसारखं वाचणारं खानदेशात कुणी नाही," असं नाना म्हणत. मला ते तेव्हा बापाचं बोलणं वाटे.

जामनेरचं स्थळ आलं. घर चांगलं, शेतीवाडी, मुलगा सालस. बैठकीला मीही होतो. सगळं ठरलं, आणि उठता उठता मुलाची आई म्हणाली, "पुस्तकं-बिस्तकं मात्र आमच्याकडे चालत नाहीत. सुनेनं पुस्तक धरलं की चूल विझते." नानांनी मान खाली घातली. मुलीचा बाप दुसरं काय करणार? "मुलगी आता तुमची," म्हणाले. वच्छीच्या पुस्तकांची पत्र्याची पेटी माहेरीच राहिली.

पहिल्या दिवाळीला ती आली. नानांनी विचारलं, "वाचतेस का गं?" तर ती म्हणाली, "वेळ कुठं असतो, नाना," आणि फराळाचं काढायला उठली. चांगली सून सासरचं गाऱ्हाणं माहेरी सांगत नाही. होती तेवढे दिवस तिनं ती पेटी उघडली नाही. नानांच्या मनाला ते फार लागलं. आणि दिवाळी सरल्यावर अड्ड्यावर तो दुसरा प्रश्न सुरू झाला.

माझ्या हे उशिरा लक्षात आलं. अमळनेरवाला, पारोळेवाला उत्तर देत असेल तर नानांचे हात चालू असत. उतारू जामनेरचा निघाला की पेन्सिल खाली ठेवली जाई. "जामनेरात सध्या काय वाचतात?" असं ते विचारत. तुम्ही काय वाचता असं नाही, जामनेरात. आणि उत्तर येईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहत.

मी एकदा सरळच म्हटलं, "नाना, त्यापेक्षा जाऊन विचारा ना."

"मुलीच्या घरी पाणीसुद्धा पीत नाही मी अजून. तिथं जाऊन झाडती घेऊ?"

"मग जामनेरच्याच लोकांना विचारा. बाकीच्यांचा छळ कशाला?"

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मला काहीच कळत नाही. "बापूराव, एकट्या जामनेरचंच विचारलं तर ते तिथवर पोचेल. मुलीचा बाप चौकशी करतो म्हणतील, आणि तिला ऐकून घ्यावं लागेल. सगळ्यांना विचारलं म्हणजे कुणालाच विचारलं नाही."

म्हणजे पोरीच्या सासरी बोभाटा होऊ नये म्हणून या माणसानं आख्ख्या खानदेशाला वाचायला लावलं होतं.

जामनेरची उत्तरं मात्र निराशेची येत. कुणी पंचांग सांगे, कुणी बियाण्याची जाहिरात. बायांचं नाव कुणी घेत नसे. पुढची दिवाळी आली, तेव्हा सासूचे डोळे आले म्हणून वच्छीचं येणं राहिलं. नाना वाळत चालले होते.

त्यानंतर उन्हाळ्यातली एक दुपार. वाचनालय बंद करून मी नानांच्या खोक्याशी चहा पीत उभा होतो. जामनेरची एक पोक्त बाई, सकाळीच इथं बहिणीकडे आलेली, परत निघाली होती. नानांनी पेन्सिल खाली ठेवली. "अक्का, जामनेरात सध्या काय वाचतात?"

"मले काय विचारता भाऊ, मले अक्षर येत नाही."

"ऐकत असाल."

"हा, ऐकते न. आमच्या गल्लीत दुपारी बठ्ठ्या बाया जमतात. एक सून आहे, ते वाचून दाखोते. पहिले तिची सासू पुस्तकाले हात लावू देत नव्हती. मंग सासूचे डोळे आले, पट्टी बांधून बसली, दुपार जाता जाईना. तवा म्हणे, वाच बाई थोडी पोथी. पोथी सरली, मंग कादंबरी निघाली. सासराच घेऊन येते मास्तराकडून. आता डोळे बरे झाले, तरी सासूच आम्हाले हाका मारते, या गं, आमची सून वाचून रायली."

मी नानांना कोपरानं ढोसलं, कुणाची सून ते विचारा की. त्यांनी नको म्हणून मान हलवली.

बाई रंगात आली होती. "त्या गोष्टीत एक मेला दुष्ट कारभारी आहे. तो बोलायले लागला का ते पोरगी अशी नाक धरते," तिनं आपलं नाक धरून दाखवलं, "अन् अशी बोलते. सासूच सगळ्यात जास्त हसते."

नानांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग अगदी नेहमीच्या आवाजात विचारलं, "कुठवर आली गोष्ट?"

"कारभाऱ्यानं गोष्टीतल्या पोरीले विहिरीपाशी बोलावलंय. काल तठीच थांबलो."

नानांनी तिकीट फाडून दिलं. बाईचं बोचकं स्वतः उचलून मोटारीत ठेवलं आणि तिला खिडकीजवळची जागा करून दिली. त्यानंतरच्या उतारूला त्यांनी काही विचारलंच नाही. तो तिकीट हातात धरून बुचकळ्यात उभा राहिला आणि आपण होऊन पुस्तकाचं नाव सांगून गेला.

संध्याकाळी नाना पहिल्यांदा वाचनालयाची पायरी चढले. टेबलाशी वर्तमानपत्र वाचणारी प्रतिष्ठित मंडळी बसलेली. नाना माझ्यासमोर ताठ उभे राहून मोठ्यानं म्हणाले, "जामनेरात सध्या जे वाचतात, ते द्या."

कारभारी आणि विहीर एवढ्यावरून मी ती कादंबरी शोधून काढली. नानांनी ती हातात घेतली, कुरवाळली आणि मलाच परत दिली. "मी ऐकणारा माणूस. तुम्ही वाचा. पण विहिरीपर्यंतच. तिच्यापुढं जायचं नाही."

मंडळींनी वर्तमानपत्रं खाली केली. मी वाचू लागलो. बऱ्याच पानांनी कारभारी आला आणि बोलायला लागला. नाना माझ्याकडे बघत होते. मी चारचौघांतला माणूस, पण करतो काय? धरलं नाक, आणि गेंगाण्या आवाजात कारभारी बोललो. मंडळी खो खो हसली. नाना हसले नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते आणि मान अशी ताठ होती की टोपी छताला लागेल.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण आमच्या वच्छीची सर नाही."