हिऱ्याची निळी जीभ

पोळ्याच्या सकाळी जमुनाबाईंनी हिऱ्यापुढे पुरणपोळी धरली आणि हिऱ्याने तोंड फिरवलं. पुरणपोळीच्या वासाने दावणीचा खुंटा उपटणारा बैल हा. 

"काहून रे माह्या राजा? रुसला का?" म्हणत त्यांनी घास पुन्हा पुढे केला. हिऱ्याने लाळ गाळली, कंटाळून जीभ बाहेर काढली आणि स्वतःचा खांदा चाटला. जीभ निळी होती. जांभळट नाही, काळपट नाही. भरल्या आभाळाखाली तळं दिसतं तशी निळी.

"आवो! पयत या! हिऱ्याची जीभ पाहा!"

नत्थुजी फेटा अर्धा बांधून धावत आले. हिरा म्हणजे त्यांच्या लेखी गावातला सगळ्यात पांढरा बैल, कापसाच्या फुटल्या बोंडासारखा. त्या सकाळी तर तो नेहमीपेक्षाही पांढरा दिसत होता. पांढऱ्याच्या पल्याड, जरा चांदण्याकडे झुकलेला. सकाळपासून जो येई तो म्हणे, "नत्थुजी, यंदा तोरणाखालून पहिला मान तुमच्या हिऱ्याचा." मागल्या साली गावातल्याच श्रावणभाऊच्या मोत्या बैलाने तो मान नेला होता. तेव्हापासून नत्थुजींच्या पोटात अन्न म्हणून नीट बसलं नव्हतं. संध्याकाळी पोळा फुटणार, बैल तोरणाखालून निघणार, आणि सकाळी बैलाची ही गत.

"डॉक्टरीनबाईले बलाव," नत्थुजी म्हणाले. आणि पाठ फिरवून ते उरलेला फेटा बांधू लागले.

डॉक्टरीनबाई म्हणजे रागिणी. तिवस्याच्या अलीकडच्या या गावात जनावरांच्या दवाखान्यात ती आली तेव्हापासून तिच्या वाट्याला पोटफुगी, गोचीड आणि अडलेल्या म्हशी यांखेरीज काही आलं नव्हतं. अकोल्याला शिकताना तिचे रामराव सर म्हणायचे, "दुर्मिळ रोग पाहुण्यासारखा येतो. दार वाजवत नाही, नुसता उंबऱ्यात उभा राहतो. ओळखला तर आपला." रागिणी तेव्हापासून उंबऱ्याकडे डोळे लावून बसली होती.

तिने हिऱ्याचा जबडा उघडला.

"निळी जीभ," ती पुटपुटली. "लाळ. खाणं बंद. जमुनाकाकू, निळी जीभ असंच नाव आहे याचं, मुळात मेंढ्यांचा रोग आहे हा. बैलांना झाला तरी दिसत नाही. दिसला तर अगदी क्वचित!"

"म्हंजे वाईट?"

"वाईट... म्हणजे हो, वाईटच," रागिणी म्हणाली, पण तिचा चेहरा दिवाळीसारखा उजळला होता. तिने ताप मोजला. ताप नव्हता. "ताप नाही! तापाशिवाय निळी जीभ! हे तर आणखी दुर्मिळ!"

तिच्यामागून तिचा नवरा नितेश आला होता. तो माणसांचा डॉक्टर. दवाखाना बडनेऱ्याला, सणाची सुट्टी बायकोच्या गावात. बैलात त्याला काही गम्य नव्हतं. तो सहज नत्थुजींशी बोलायला गेला.

"काका, तुम्ही कसे आहात?"

"मी बरा हावो," असं म्हणायला नत्थुजींनी तोंड उघडलं, आणि नितेश जागच्या जागी खिळला.

"काका, जीभ काढा."

"राहू द्या ना सायेब."

"काढा म्हणतो!"

नत्थुजींनी चोरासारखी जीभ काढली. तीही निळी. ओठांच्या कडाही निळ्या, दातांच्या फटीही निळ्या.

"रागिणी!" नितेश ओरडला. "तुझ्या बैलाचं राहू दे! इकडे ये! रक्तातच दोष असला की माणूस असा निळा पडतो. पुस्तकात एक चित्र पाहिलं होतं, तेही परदेशातलं!"

"तुझं नाही, ते माझं आहे! बैलाकडून माणसाकडे गेलंय. हा रोग माणसाला होतच नाही, नितेश! झाला असेल तर जगात पहिल्यांदा!"

"मालक माझा पेशंट."

"बैलामुळे तुला मालक दिसला!"

नितेशने खिशातलं ऑक्सिजन मोजायचं यंत्र काढून नत्थुजींच्या बोटाला लावलं. आकडा एकदम निरोगी आला. त्याने यंत्र झटकून पुन्हा लावलं. तोच आकडा.

"एवढा निळा माणूस आणि ऑक्सिजन भरपूर!" तो भारावून म्हणाला. "असं तर पुस्तकातही नाही!"

त्या दोघांचं असं झालं होतं की जी जी खूण चांगली निघे, ती ती रोगाच्या दुर्मिळपणाचा पुरावा ठरे. नत्थुजींची नाडी ठणठणीत निघाली तेव्हा नितेशने कपाळावरचा घाम पुसला.

रागिणीने अकोल्याला रामराव सरांना व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर हिऱ्याची जीभ दिसताच सर खुर्चीतून उठले. "रागिणी, बैल वेगळा बांध! रक्त घे! गावातली बाकी जनावरं बघ, माणसं बघ! आणि ऐक, आधी एक गोष्ट विचार, त्याला आज..." इथे रेंज गेली. सरांचं तोंड उघडंच गोठून राहिलं.

रक्ताच्या नळ्या तिवस्याहून मागवल्या. त्या येईपर्यंत बातमी गावभर झाली. सरपंच सत्यवतीबाई पदर खोचून आल्या.

"डॉक्टरीनबाई, सरळ सांगा. पोळा भरंल का नाई? लम्पी रोग आला त्या साली बैलं घरीच पुजले आमी. पोरं रडले होते."

"सगळ्यांच्या जिभा पाहिल्याशिवाय मला सांगता येणार नाही."

"मंग पाहून घ्या!"

शाळेच्या पटांगणात गाव रांगेत उभं राहिलं. अशी रांग मतदानालाही लागली नव्हती. एकेक जण पुढे येई, जीभ काढी. तंबाखू-सुपारीच्या खर्‍याने तांबड्या झालेल्या जिभा, चहाने भाजलेल्या जिभा, शेजारणीशी भांडून धारदार झालेल्या जिभा. जमुनाबाई मात्र रांगेत नव्हत्या. त्या कडूनिंबाखाली हिऱ्याची दोरी धरून बसल्या होत्या, मधूनमधून धाप लागल्यासारख्या झाडाला टेकत होत्या, आणि हळूच गुणगुणत होत्या:

"माह्या हिऱ्याले लागली, कोन्या डोयाची गं दीठ,
पानी उतरून टाकते, वर मिरच्या नि मीठ."

रांग सरली. निळं कोणी निघालं नाही. उरला श्रावण. तो मोत्याला घेऊन फाटकाशी उभा होता आणि ओठ घट्ट मिटून होता.

"श्रावणभाऊ, जीभ दाखवा."

"हूं हूं," श्रावण मान हलवून म्हणाला.

"काहून रे? मुसकी बांधली का तुले?" सत्यवतीबाई गरजल्या.

"उपास हाये," श्रावण दातांमागून पुटपुटला.

"पोळ्याचा कुठं उपास असते? उघड थोबाड!"

श्रावणने थोबाड उघडलं. निळं! रागिणी मोत्याकडे धावली. मोत्याही निळा!

"दोन घरं, दोन बैल, दोन माणसं!" रागिणीचा आवाज चिरकला. "नितेश, साथ आहे ही!"

"आपल्या दोघांच्या नावाने ओळखली जाईल," नितेश स्वप्नात म्हणाला.

सत्यवतीबाईंनी पटांगणाकडे पाहिलं. झुली घातलेले बैल, रंगवलेली शिंगं, हातात बेगडी फुलांच्या माळा घेतलेली लेकरं. त्यांनी जड हाताने भोंगा उचलला. "गावकऱ्यांनो, आज पोळा..."

नत्थुजींनी श्रावणकडे पाहिलं. श्रावणने नत्थुजींकडे पाहिलं. मग दोघांनीही एकदम नजर आपापल्या बैलाच्या पायांकडे वळवली.

"थांबा, आधी रक्त तर घेऊ द्या," रागिणी म्हणाली. नळ्या आल्या होत्या. सुई टोचायच्या आधी मान पुसावी लागते, म्हणून तिने कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून हिऱ्याच्या मानेवर फिरवला. बोळा निळा झाला. तिने दुसरा घेतला. तोही निळा. तिने बोळ्याकडे पाहिलं, मग हिऱ्याकडे. हिरा आपला खांदा निवांत चाटत होता. बोळा फिरला तिथे त्याची मान पांढरी नव्हती; चांगली करडी होती.

नेमकी तेव्हा रेंज आली आणि खिशातून रामराव सर ओरडले, "...आज पोळा ना? कशानं धुतलं त्याला, ते विचार!"

 जमुनाबाई दोरी सोडून उठल्या.

"माही निळीची पुडी! काल आनलेली! शोधून राहिली मी सकायपासून!"

नत्थुजींनी फेटा काढून हातात घेतला. "मले वाटलं, धोतर पांढरं होते तं बैल काहून नाई होनार? पुडी फाटेना, म्हून दातानं फाडली..."

"आन् सायेब तपासून राहिले तं बोलले नाई?" जमुनाबाई कडाडल्या.

"बोललो असतो तं मान गेला असता ना वं."

सगळं गाव श्रावणकडे वळलं. श्रावणने मान खाली घातली. "दुकानदारानं सांगतलं, नत्थुजींनं नीळ नेली. मंग मी बी नेली. पुडी माही बी नाई फाटली."

"अन् हिरा पुरण काहून नाई खाऊन राहिला?" जमुनाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"त्याले रातीच निम्मी परात चारली मी," नत्थुजी पुटपुटले. "ताकद यावी म्हून."

हशाचा असा लोट उठला की मोत्याही दचकला. रागिणी ओट्यावर बसली. तिच्या हातातला निळा बोळा गळून पडला. जगातला पहिला रोग बादलीत धुऊन निघाला होता. जमुनाबाई नवऱ्यापुढे उभ्या राहिल्या आणि हसता हसता त्यांनी सगळ्यांदेखत जीभ काढली. "घ्या! माही बी पाहा! निळी हाये का?"

नितेशही हसत होता. हसता हसता थांबला.

"काकू, पुन्हा काढा."

"आता बास बाप्पा मजाक."

"मजाक नाही." तो जवळ आला, त्यांची खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहिली, तळहात उलटे करून पाहिले. जीभ निळी नव्हती. पांढरी होती, हिऱ्याहून पांढरी. "चढ चढताना धाप लागते? चक्कर येते?"

"ते तं लय दिवसाचं हाये. कामात कोन पाह्यते?"

"रक्त कमी आहे तुमचं. फार कमी. मी सकाळपासून तुमच्याच अंगणात दुर्मिळ रोग शोधत होतो, काकू."

 नत्थुजी बायकोच्या तोंडाकडे पाहत राहिले. ज्या पांढऱ्यासाठी त्यांनी बैल बुडवला, तो पांढरा रंग घरात पोळ्या लाटत होता.

"सायेब," ते म्हणाले, "बैलाचं मरू द्या. इले पाहा."

जमुनाबाईंचं रक्त तिथेच घेतलं. बैलांवर घागरी ओतल्या. धुऊन निघाल्यावर हिरा आणि मोत्या दोघेही एकाच करड्या रंगाचे निघाले. पहिला मान कोणाचा, यावर नत्थुजी म्हणाले श्रावणचा आणि श्रावण म्हणाला नत्थुजींचा. सत्यवतीबाईंनी भोंगा उचलला. "जोडी म्हंजे दोन बैल ना? याचा एक, त्याचा एक. चला!" तोरणाखालून हिरा आणि मोत्या खांद्याला खांदा लावून निघाले, आणि कोणीतरी तिथल्या तिथे, पोळ्याला म्हणतात तशी दोन ओळींची झडती रचून गर्दीत फेकली:

"निळीच्या पुडीनं धुतला बैल,
दोन डाक्टरं झाले सैल!"

"हर बोला हर हर महादेव!" गाव गरजलं, आणि रागिणीही त्यात गरजली.

आता पोळा होऊन बरेच दिवस झाले. जमुनाबाईंच्या गोळ्या चालू आहेत, गूळ-तीळ चालू आहे, चढावर धाप लागत नाही. नत्थुजी रोज सकाळी वावरात जायच्या आधी दारात उभे राहतात आणि डॉक्टरी आवाजात म्हणतात, "जीभ दाखव."

आणि जमुनाबाई दाखवतात. लांब काढून, डोळे वटारून, अगदी मन भरेपर्यंत. लग्न झाल्यापासून मनात होतं त्यांच्या.