ठमीच्या तोंडातला पुरुष

"माझ्या नमुन्यात दुसऱ्याचं काही मिसळणं शक्यच नाही!" असं सूनबाई प्रयोगशाळेत छाती ठोकून सांगत. आणि ते खरंही होतं. एकदा हातमोजे चढवले की नाक कितीही खाजलं तरी त्या खाजवत नसत!

त्यांचं काम साखरेचं. चहातल्या नव्हे! सस्तन प्राण्यांच्या पेशींवर साखरेचे कण चिकटवणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, असतात, गवंड्याने भिंतीला फरशा लावाव्यात तशी. त्यातल्या एका विकराचं जनुक गाय, कुत्रा, उंदीर सगळ्यांत ठणठणीत. माणसात आणि त्याच्या वानर भाऊबंदांत मात्र ते कोट्यवधी वर्षांपूर्वीच मोडून पडलेलं. कुणात शाबूत, कुणात मोडकं, हे सूनबाई तपासत होत्या. मांजराचा नमुना हवा होता, आणि मांजर घरातच होतं.

ठमी! तिच्यावरून घरात रोज खडाजंगी. सासरे म्हणजे निवृत्त ड्रिलमास्तर. "सोफ्यावर केस, उशीवर केस! या घरात एक तर ही राहील, नाही तर मी!" शेवटी घरच्यांनी हात टेकले. ठमीला सूनबाईंच्या सहकारिणीकडे द्यायचं ठरलं.

त्याआधी सूनबाईंनी ठमीच्या गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून घेतली. ठमी जायच्या आदल्या दिवशी निकाल हातात आला, आणि त्या जवळजवळ किंचाळल्याच.

"सर! मांजराचं जनुक मोडकं आहे! हुबेहूब माणसासारखं!"

प्रयोगशाळेचे प्रमुख सर एवढ्या झटक्यात उठले की चहा पँटवर सांडला. "पाठ्यपुस्तकं बदलावी लागतील!" म्हणत त्यांनी लगेच वरच्या साहेबांना फोन लावला. कुणीतरी केकसुद्धा मागवला.

सहकारीण तेवढी निकालाचा कागद पुन्हा वाचत होती. "माणसात जिथे मोडलंय, नेमकं तिथेच मोडलंय?"

"तेच तर आश्चर्य!"

"आश्चर्य कसलं, बाई? हा माणूसच आहे!" तिने आणखी एक तपासणी केली. "आणि पुरुष आहे."

"अगं, ठमी मादी आहे!"

"मग ठमीच्या तोंडात कुणीतरी पुरुष आहे."

सरांनी चष्मा काढला आणि उगाचच म्हणाले, "मी नाही हं!"

सूनबाईंनी तडक नवऱ्याला फोन लावला. "खरं सांग, तू ठमीचे मुके घेतोस?"

नवरा बैठकीत होता. फोन स्पीकरवर होता!

"ठमी कोण?" त्याच्या साहेबांनी विचारलं.

"मांजर आहे हो, सर! आणि मी जवळ गेलो तरी मला शिंका येतात!" नवरा रडकुंडीला आला.

सूनबाई तणतणत घरी आल्या. स्वयंपाकघरातून हळू आवाज येत होता. डोकावून पाहतात तो काय! स्टुलावर सासरे बसलेले, ओठांत बिस्किट. मांडीवर दोन पायांवर उभी राहून ठमी त्याचं दुसरं टोक कुरतडत होती!

"शहाणी गं माझी बबडी," बिस्किट संपल्यावर सासरे म्हणाले. "उद्या नेणार तुला. मी थांबवू कसं? एवढा आरडाओरडा केलाय, आता कुठल्या तोंडाने सांगू?"

तेवढ्यात सूनबाई दिसल्या. ड्रिलमास्तर ताडकन उभे राहिले. "केस! केस उचलत होतो तिचे!"

"तोंडाने, बाबा?"

सासऱ्यांनी मान खाली घातली. सूनबाईंचा राग कुठल्या कुठे पळाला. त्यांनी तिथूनच सहकारिणीला फोन केला. "ठमी कुठेही जात नाही."

मग त्यांनी सासऱ्यांना शेजारी बसवून सगळं नीट समजावलं. साखर, विकर, जनुक, नमुन्यातला पुरुष. सासऱ्यांनी वर्गातल्या मुलासारखं कान देऊन ऐकलं.

"म्हणजे माझं जनुक मोडकं?"

"सगळ्याच माणसांचं, बाबा."

"आणि हिचं?"

"शाबूत असणार. एकदम ठणठणीत!"

सासऱ्यांनी ठमीला छातीशी धरलं आणि अभिमानाने म्हणाले, "बघ! मी पहिल्यापासून सांगत होतो, या घरात धड अशी ही एकटीच! माझं ऐकतं कोण?"