टोपलीतले चार बूट

गास्पार बारेलला त्या बंदरातलं काहीही दुसऱ्या कोणी सांगावं लागत नसे. निदान त्याचं स्वतःचं तरी असं म्हणणं होतं. कुठली यॉट धक्क्याला कुठे लावायची, कुणाच्या नांगराची साखळी कुणाच्या साखळीत अडकू द्यायची नाही, हे पाहणं त्याचं काम. पण त्याला खरा अभिमान होता तो निराळ्याच गोष्टीचा.

त्या सबंध किनाऱ्यावर यॉटींच्या धंद्याचा एकच धर्म आहे. मालक कोण, ते विचारायचं नाही. खलाशी सांगत नाहीत, कप्तान सांगत नाही, आणि जो सांगतो तो दुसऱ्या दिवशी घरी बसलेला असतो. आता गास्पारसारख्या चौकस माणसाने अशा गावात जगायचं तरी कसं? त्याने त्यावर उपाय काढला होता. कुठल्याही यॉटवर चढायचं तर जोडे काढून धक्क्यावरून वर चढायच्या फळीच्या तोंडाशी ठेवलेल्या टोपलीत टाकावे लागतात, कारण सागवानी डेकवर ओरखडा उठला तर तिथे रडारड होते. गास्पार ती टोपली बघायचा.

"मला जोडे दाखवा, मी माणूस सांगतो," असं तो कॉफीच्या दुकानात बसून सांगायचा. एकदा त्याने नुसत्या टाचा बघून सांगितलं होतं की या बाईचा घटस्फोट होणार, आणि झाला. अर्थात त्या वर्षी त्या धक्क्यावर जवळजवळ सगळ्यांचाच झाला होता, पण ते तो सांगत नसे.

सप्टेंबर सरता सरता 'वेस्परा' आली. अशी अवाढव्य की मागच्या गल्लीतल्या लोकांना समुद्र दिसेनासा झाला. पडदे बंद, डेकवर चिटपाखरू नाही. कप्तान इशबेल मॅक्रे नावाची एक उंच, अबोल स्कॉटिश बाई. ती हिवाळ्याचा मुक्काम शोधत होती. इथे किंवा खाडीपलीकडच्या बंदरात, शनिवारी ठरणार होतं.

गास्पारच्या घरी या शनिवारकडे सगळ्यांचे डोळे लागले होते. त्याची बायको नीन धक्क्यावरच लाँड्री चालवायची. उन्हाळ्यात यॉटींच्या चादरींना इस्त्री करून हात दुखायचे आणि हिवाळ्यात यंत्रांवर धूळ बसायची. इस्त्रीवाल्या दोघींना या वेळी नोव्हेंबरपासून येऊ नका म्हणायची पाळी आली होती आणि ते सांगायला नीनचं तोंड उघडत नव्हतं. 'वेस्परा' राहिली तर सबंध हिवाळा काम होतं.

"या एका यॉटच्या वाटेला जाऊ नकोस," नीनने त्याला बजावलं. "त्यांना चौकशा आवडत नाहीत. बघू नकोस, विचारू नकोस, तर्क करू नकोस."

"मी कशाला बघतोय?" गास्पार म्हणाला आणि बघायला गेला.

टोपलीत दोनच प्रकारचे जोडे होते. एक कापडी, झिजलेला, बाईचा जोड. आणि चार बूट, मऊ कातड्याचे, बंद लावलेले, अंगठ्याएवढे. चारही अगदी सारखे. गास्पार तिथेच गुडघ्यावर बसला. दोन जोड, एकाच मापाचे.

"जुळी," तो धापा टाकत लाँड्रीत येऊन म्हणाला. "आजी आणि जुळी नातवंडं. म्हणून पडदे बंद. बाळं झोपतात."

"अंगठ्याएवढी बाळं चालतात कुठे? त्यांना बूट कशाला?"

"श्रीमंतांची बाळं आहेत, नीन."

नीन परत इस्त्रीकडे वळली. पण गास्पार असा एका पुराव्यावर थांबणारा नव्हता. यॉटींना किराणा पुरवणाऱ्या दुकानात जाऊन त्याने 'वेस्परा'ची मागणी काय, ते काढून घेतलं. कोंबडीचा खिमा, उकडलेलं गाजर, मऊ भात, सगळं बिनमिठाचं. दात न आलेल्यांचं जेवण, यात शंका कसली? शेवटी यॉटवरची बेथन नावाची पोरगी फुलं न्यायला खाली उतरली, तेव्हा त्याने तिला गाठलं.

"काय, लहानग्यांना झोप लागते ना नीट?"

बेथनचा चेहरा पडला. "मला त्याबद्दल बोलायची परवानगी नाही."

"म्हणजे लहानगे आहेत."

"मी असं म्हटलं नाही."

"दोघं ना?"

"मिस्यू बारेल, माझी नोकरी जाईल हो."

"बस. मला कळलं," गास्पार म्हणाला आणि त्याने तिला डोळा मारला. ती बिचारी फुलं तिथेच विसरून पळाली.

संध्याकाळपर्यंत सगळ्या बंदराला जुळ्यांची बातमी लागली होती. खरं की खोटं ते मात्र कुणी विचारू शकत नव्हतं, कारण विचारायचं नाही हाच तर धर्म. दुसऱ्या दिवशी दुपारी, बाळांची झोप मोडू नये म्हणून, यॉटी घासणाऱ्या पोरांची यंत्रं बंद झाली. डागडुजीवाल्यांनी हातोड्यांना चिंध्या बांधल्या. बंदराच्या प्रमुख मदाम विजियानो तशा कडक बाई, पण बाळ म्हटलं की त्यांचं पाणी पाणी व्हायचं. त्या म्हणाल्या, "गास्पार, आपल्याकडे बाळ आलं की चार वस्तू देतात. हे आपण चुकवायचं नाही. खाडीपलीकडच्यांना असलं काही सुचणार नाही."

त्या भागातली ती जुनी रीत आहे. नव्या बाळाला अंडं, पाव, मीठ आणि आगकाडी द्यायची, प्रत्येक वस्तूमागे एकेक आशीर्वाद. नीन आधी नको नको म्हणाली. मग तिनेच भेटीच्या दोन परड्यांत अंथरायच्या कापडांना कडक इस्त्री केली आणि बहिणीच्या माळ्यावरची जुळ्यांची बाबागाडी धुऊन पुसून आणली. तिलाही आता आशा वाटू लागली होती.

शनिवारी सकाळी सगळे 'वेस्परा'च्या फळीपाशी उभे राहिले. पुढे दोन परड्या घेऊन गास्पार, मागे मदाम विजियानो आणि त्यांच्या मागे गाडी ढकलत नीन. कप्तान मॅक्रे फळीवर आली आणि हे सगळं पाहून जागच्या जागी थबकली. तिच्यामागून एक वृद्ध बाई अनवाणी बाहेर आली. विटका झगा, पांढरे केस, आणि कडेवर एक म्हातारं, चपट्या तोंडाचं कुत्रं. चारही पायांत टोपलीतले तेच बूट.

गास्पारने बूट मोजले. मग पुन्हा मोजले. पाठीमागे नीनचा श्वास अडकल्याचं त्याला ऐकू आलं, आणि तिच्याकडे वळून बघायची त्याची छाती झाली नाही.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"भेट," गास्पार म्हणाला. दुसरा शब्दच आठवत नव्हता. "आमच्याकडे नवीन जीव आला की देतात."

"पोम्पोनला?" बाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "सगळीकडे मला म्हणतात, मॅडम, कुत्र्याला आत ठेवा, नखांनी डेक खराब होईल. म्हणून तर हे बूट. तुम्ही याच्यासाठी परडी आणलीत?" त्यांनी डोळे पुसले. "पण दोन का?"

"एक त्याला, एक तुम्हाला."

आयुष्यात एवढं चटकन त्याला कधी सुचलं नव्हतं. तो निःश्वास टाकणार, एवढ्यात बाईंची नजर नीनकडे गेली.

"आणि ही दोन जागांची गाडी?"

गास्पारने आकाशाकडे पाहिलं. तिथे काही लिहिलेलं नव्हतं. मदाम विजियानो गंभीरपणे समुद्र बघू लागल्या. पोम्पोनने मात्र बाईंच्या कडेवरून सरळ उडी मारली, फळीवरून बूट वाजवत खाली आला, गाडीत चढला आणि एका बाजूला अंग टाकून घोरायला लागला. दुसरी बाजू रिकामीच राहिली. बाई त्या रिकाम्या जागेकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"तुमचं बरोबर आहे," त्या हळूच म्हणाल्या. "मी इतकी वर्षं बघितलंच नाही. हा फार एकटा आहे."

कप्तान मॅक्रेचा निर्णय जेवणाआधी कळला. हिवाळा इथेच. चादरी, टॉवेल, खलाशांचे गणवेश, सगळं नीनच्या लाँड्रीत. नीन इस्त्रीवाल्या दोघींच्या गळ्यात पडून रडली. अट म्हणाल तर एकच होती. पोम्पोनसाठी आणखी एक कुत्रं येणार होतं, आणि दोघांना रोज संध्याकाळी गाडीतून धक्क्यावर फिरवायचं. तेही इतर कुणी नाही, ज्या गृहस्थाला पोम्पोनचं मन कळलं त्यानेच. मदाम विजियानोंनी गास्पारला विचारायच्या आधीच हो म्हणून टाकलं.

तेव्हापासून गास्पार बारेल पूर्ण गणवेशात, टोपी सरळ करून, कॉफीच्या दुकानावरून बाबागाडी ढकलत जातो. तो टोपल्यांकडे बघत नाही, खरं तर कुठेच बघत नाही. पहिल्या दिवशी लाँड्रीसमोर आला तेव्हा इस्त्रीवाल्या दोघी हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. नीन बाहेर आली, गाडीत वाकून तिने दोन्ही चपटी तोंडं नीट न्याहाळली आणि मग नवऱ्याकडे पाहिलं.

"गोड आहेत रे," ती म्हणाली. "नाक मात्र दोघांनी तुझंच घेतलंय."