लिफ्ट थांबते

माणूस काय करतो हे पाहण्यापेक्षा, आपण काय करतो म्हणून त्याने जे लिहून दिले आहे, त्यावरच त्याची परीक्षा घेणे केव्हाही सोयीचे. लिफ्टचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या एका कंपनीने हे तत्त्व यंत्रावर सोपवले. प्रोग्रॅमरने कोडच्या डोक्यावर कमेंट लिहायची, की खालचा कोड काय करतो. यंत्र ती वाचून टेस्ट तयार करणार आणि घेणारही; पास ती हिरवी, नापास ती लाल. (निकालावर सही मात्र माणसाचीच लागे.)

प्रश्न उरला तपासनीस बाईंचा. अकरा वर्षे त्या नमुन्याच्या लिफ्टमधून स्वतः वर-खाली करून चुका पकडत आल्या होत्या. शुक्रवारपर्यंत सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या, तर बाईंची खुर्ची काढायची, असे साहेबांनी ठरवले आणि त्यांना अगत्याने कळवले.

सोमवारी चारशे बारापैकी एकशे नव्वद टेस्ट लाल आल्या. मंडळी कामाला भिडली. कोड दुरुस्त करायला आठवडा लागतो, कमेंटला अर्धे मिनिट. 'लिफ्ट सांगितलेल्या मजल्यावर थांबते' याचे मंगळवारी 'लिफ्ट मजल्यावर थांबते' झाले, बुधवारी 'लिफ्ट थांबते'. 'माणूस आत आल्यावर दार बंद होते' यातला माणूस वगळताच टेस्ट पास. एका ज्येष्ठाची कमेंट होती, 'हे का चालतं माहीत नाही, हात लावू नये.' यंत्राने हात न लावता पैकीच्या पैकी गुण दिले.

गुरुवारी बाई साहेबांकडे गेल्या.

"साहेब, मी सहा दाबला, नवव्यावर उतरले."

"कमेंटमध्ये सहा कुठंय, बाई?"

"बटणावर आहे."

"बटण दुसऱ्या खात्याकडे येतं."

शुक्रवारी सगळे हिरवे. खुर्ची काढण्यापूर्वी, सर्वांना समान न्याय म्हणून, बाईंचीही टेस्ट ठरली. त्यांनी आपली कमेंट लिहिली: 'तपासनीस चुका शोधते.' त्यांना सापडलेल्या चुका आता कमेंटनुसार चुका नव्हत्या; एकूण शून्य. लाल. शिपायाने खुर्ची उचललीच होती, तेवढ्यात बाईंनी ओळ खोडून नवी लिहिली: 'तपासनीस असते.'

हिरवी. खुर्ची खाली ठेवण्यात आली. पुढच्या महिन्यात तिला हात टेकायला दांडेही बसवले.

हे हास्यास्पद वाटत असल्यास वाचकांनी आपला गेल्या वर्षीचा कामाचा अहवाल काढावा. त्यातली उद्दिष्टे वर्षारंभी लिहिली होती, की शेवटच्या आठवड्यात, काय काय झाले ते पाहून? (उत्तर कुठे लिहू नये. यंत्र वाचते.)