भिंगरीचं न झालेलं भाषण

"या घरात माझ्याइतकं ठाम कुणी नाही!" असं भिंगरीने आरशाला बजावलं. आरशाने मुकाट्याने मान्य केलं. त्याला दुसरा पर्यायच नव्हता.

त्याचं असं झालं, की सरकारी विद्यापीठ एकच, पण त्याचे कॅम्पस पाच. अर्जही एकच. त्यात पाचही कॅम्पसचा पसंतीक्रम द्यायचा आणि एकदा पाठवला की पाठवला! पहिला कॅम्पस भिंगरीच्या घराच्या मागच्या भिंतीपलीकडे. इतका जवळ, की त्याची तासाची घंटा ऐकून आत्या गॅस बंद करायची. पाचवा मात्र पार दुसऱ्या टोकाला, एका अवाढव्य तळ्याकाठी. तिथे म्हणे पाण्याचा अभ्यास होडीत बसून करतात. होडीत! तुम्हीच सांगा, भिंतीवरून उडी मारून कॉलेजला जायचं, याला काय कॉलेजला जाणं म्हणतात?

भिंगरीला पाचवाच हवा होता, आणि घरचे अडवणार याची तिला शंभर टक्के खात्री होती. एकुलती एक पोर ना! म्हणून तिने भाषण पाठ केलं. कुठे थांबायचं, कुठे हात उंचावायचा, कुठल्या वाक्याला डोळ्यांत पाणी आणायचं, सगळं ठरलेलं.

रात्रीच्या जेवणाला तिने घसा खाकरला. जेवायचं टेबल म्हणजे अर्धं जेवणाचं, अर्धं आईच्या शिलाईचं. गिऱ्हाइकांची ब्लाउजपिसं ताटाला टेकलेली. एकदा तर बाबांनी चमचा समजून कात्री उचलली होती!

"मी पाचव्या कॅम्पसला जाणार!" भिंगरी म्हणाली आणि भाषणासाठी तिने छाती भरून श्वास घेतला.

"जा की," आई म्हणाली.

श्वास छातीतच राहिला.

"म्हणजे... लांब आहे ते. खूप लांब!"

"मग काय झालं? मी सोडतो ना गाडीने," बाबा म्हणाले. बाबा ड्रायव्हिंग शिकवायचे. शिकाऊ माणूस चालवत नसलेली गाडी म्हणजे त्यांना सुट्टीच.

"थंडी असते तिथे. हाडं गोठतात म्हणे!"

"अस्तराचं जाकीट शिवते."

"होडी उलटली तर?"

"पोहायला कशाला घातलं होतं तुला?" आत्या म्हणाली. "आणि हो, मोठी बॅग माळ्यावरून काढून ठेवलीय हं मी."

काढून ठेवलीय! आधीच! भिंगरीला इतका संताप आला, की ती पाणीसुद्धा चावून प्यायली. अडवा ना जरा! निदान एकदा "अगं, पण" तरी म्हणा! एवढं पाठ केलेलं भाषण आता काय लोणच्यासारखं मुरत ठेवायचं?

आठवडाभर तिने चिडचिड केली. मग एका दुपारी ती आपल्या खोलीत शिरली, तर आई टेप घेऊन खिडकीपासून दारापर्यंत मोजत होती.

"काय गं?"

"काही नाही, सहज," म्हणत आई लगबगीने निघून गेली.

संध्याकाळी बाबा तिच्या पलंगापाशी उभे. पलंगावर हात ठेवून, दाराकडे एकटक बघत. चक्क उसासा टाकला त्यांनी! आणि आत्या? ती भिंतीवरचे भिंगरीचे बालपणीचे फोटो एकेक उतरवून पदराने पुसत होती.

भिंगरीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हणजे हे सगळं नाटक होतं! ही माणसं आतल्या आत तुटत होती, आणि तिच्या सुखासाठी ओठ घट्ट मिटून बसली होती. आणि आपण? होडी, होडी करत बसलोय! तिला स्वतःचा एवढा राग आला, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला, की अर्जाच्या शेवटच्या दिवशी तिने पसंतीक्रम उलटा केला. पहिला कॅम्पस पहिला. पाचवा पाचवा. पाठवा!

"मी कुठेही जात नाहीये," तिने बाहेर येऊन जाहीर केलं. "पहिला कॅम्पस लिहून अर्ज पाठवलाय. तुमच्याजवळच राहणार. कायमची!"

ती मिठीची वाट बघत उभी राहिली. कुणी हललं नाही.

तेवढ्यात दाराची बेल वाजली. दोन माणसं भलंमोठं टेबल घेऊन उभी होती.

"ताई, कापड कापायचं टेबल. कुठल्या खोलीत ठेवू?"

आईने भिंगरीकडे पाहिलं. बाबांनी छताकडे. आत्याने फोटोंचा गठ्ठा हळूच पाठीमागे लपवला.

"तुझी खोली रिकामी होणार म्हणून..." आई पुटपुटली. "किती वर्षं ताटांमध्ये कापड कापतेय गं मी!"

"म्हणजे टेप?"

"टेबल मावतंय का बघत होते."

"आणि बाबा, तुमचा उसासा?"

"पलंग दारातून निघेना," बाबा म्हणाले.

मग मात्र भिंगरीने भाषण केलं. सगळंच्या सगळं, हातवाऱ्यांसकट! ठरल्या जागी पाणीही आलं, तेही खरंखुरं. टेबलवाल्या दोघांनी टाळ्या वाजवल्या.

"अगं, अर्ज पाठवायच्या आधी बोलायचंस हे!" आई कळवळून म्हणाली.

बाबांनी विद्यापीठात फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकला. "मुलीने पहिला कॅम्पस पहिला टाकलाय. क्रम बदलता येईल का हो?"

"नाही," पलीकडून आवाज आला. "पण काळजी करू नका. पहिल्या कॅम्पसला एवढे कमी अर्ज आलेत, की तुमची मुलगी आलीच म्हणून समजा!"

तेवढ्यात तासाची घंटा झाली. एकदा फोनमधून, एकदा खिडकीतून. आत्याने गॅस बंद केला.

टेबल भिंगरीच्या खोलीतच ठेवलंय, थेट पलंगावर चार पाय पसरून. ती त्याच्याखाली झोपते. बाबांचं म्हणणं, उलट्या होडीसारखंच वाटतं!