नवरीपासूनचे योग्य अंतर

विवाह हा दोन कुटुंबांना जवळ आणणारा आणि फोटोग्राफरला लांब नेणारा संस्कार आहे.

पैकी पहिल्या भागाबद्दल जाणकारांत अद्याप मतभेद आहेत. दुसरा भाग मात्र मलकापूरच्या गोकुळ खर्चे याने पंधरा लग्नसराया स्वतःच्या पायांनी मोजून सिद्ध केला आहे. (खर्चे हे आडनाव आणि लेन्सचा नाद यांचा परस्परांशी संबंध नाही, असे गोकुळ म्हणतो. त्याच्या आईचे, म्हणजे रुखमाबाईंचे, मत वेगळे आहे.) धंद्यात आला तेव्हा तो नवरीपासून हातभर अंतरावर उभा राहत असे. नवरदेवाच्या मुंडावळ्या सरळ करण्याचा, विहिणीला "मावशी, जरा हसा" असे फर्मावण्याचा आणि गुरुजींना मंत्राच्या मध्येच थांबवून "अजून एकदा" म्हणण्याचा त्याला अधिकार होता. अग्नीच्या खालोखाल त्याचीच साक्ष धरली जाई.

पुढे मोबाईल आले. नुसते आले असते तरी चालले असते. ते आले आणि पुढे उभे राहिले. एका सराईत करवल्या स्टेजवर चढल्या, गोकुळ एक पाऊल मागे सरकला. दुसऱ्या सराईत नवरदेवाचे मित्र चढले, गोकुळ स्टेजखाली उतरला. तिसऱ्या सराईत आत्या आणि मावशा दाखल झाल्या. मोबाईल उभा धरायचा की आडवा, हे त्यांचे ठरेपर्यंत सप्तपदी उरकते, पण जागा अडायची ती अडतेच. त्यानंतर गोकुळ मानाच्या सोफ्यामागे गेला, सोफ्यामागून खुर्च्यांमागे आणि गेल्या सराईत सरकता सरकता थेट जेवणाच्या मांडवात पोचला. तिथे त्याने अंतरपाट दूर होण्याचा मंगल क्षण वांग्याच्या भाजीच्या पातेल्याआडून टिपला. फोटोत वाफ आली होती. नवरीकडच्यांनी ती धुक्याची सोय समजून तिचे खास कौतुक केले.

गोकुळने अभ्यासाअंती काढलेला निष्कर्ष असा, की फोटोग्राफर आणि नवरी यांच्यातले अंतर दर सराईला दुप्पट होते. ही गती कायम राहिल्यास आणखी दहा सरायांनी मलकापूरच्या लग्नाचे फोटो नांदुऱ्याहून काढावे लागतील. (मधल्या झाडांचा विचार यात केलेला नाही.)

अशा परिस्थितीत इलाज एकच, लांबचे जवळ ओढणारी झूम लेन्स. पण गोकुळची मान धरली होती. पंधरा वर्षे गळ्यात लटकलेल्या जुन्या कॅमेऱ्याने ती डावीकडे वळेनाशी केली होती, त्यामुळे डावीकडच्या वऱ्हाडाचे फोटो कमी येत आणि तक्रारीही तिकडूनच येत. डॉक्टरांनी तपासून "वजन कमी करा" असा सल्ला दिला. त्यांचा रोख गोकुळच्या पोटाकडे होता. गोकुळने तो कॅमेऱ्याबद्दल समजून जुना कॅमेरा विकला आणि हलका, बिनआरशाचा, नव्या पद्धतीचा कॅमेरा घेतला.

"आरसाच नाही म्हंते," रुखमाबाई शेजारणीला म्हणाल्या, "मंग त्याच्यात तोंड कायच्यानं दिसन वं?"

प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा होता, पण योग्य वेळी विचारला गेला होता. कारण त्याच सुमारास गोकुळच्या धाकट्या बहिणीसाठी, समीक्षासाठी, स्थळे पाहणे सुरू झाले होते. वडील गेल्यापासून गोकुळ तिला भाऊही होता आणि बापही. लग्न ठरण्याआधीच समीक्षाने एका दुपारी चुलतबहीण मनालीच्या लग्नाचा अल्बम त्याच्यापुढे टाकला. ते फोटो गोकुळनेच काढलेले होते. समीक्षाने पाने उलटत सगळा अल्बम त्याला दाखवला. त्यात मनाली फक्त दुसऱ्यांच्या मोबाईलच्या पडद्यांवर दिसत होती, बोटाएवढी, एकाच फोटोत सात ठिकाणी.

"दादा, मले एकच फोटो पाह्यजे," समीक्षा म्हणाली. "मंडपातला. माह्या तोंडासमोर कोनाचा मोबाईल नको. बाकी काहीच नको मले."

गोकुळचा जीव गलबलला. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याच संध्याकाळी लेन्सचा शोध सुरू केला.

अशा रीतीने खर्च्यांच्या घरात एकाच वेळी दोन स्थळे पाहिली जाऊ लागली. पैकी नवरदेवाचे लवकर जमले. संग्रामपूरचा श्रेयस, शाळेत मास्तर, घरची संत्र्याची बाग, निर्व्यसनी. एक चहा झाला, पोहे झाले, मंडळींनी एकमेकांच्या गावातली ओळखीची माणसे काढली आणि सुपारी फुटली. लेन्स जमायला अकरा महिने लागले. याचे कारण लेन्सबाबत चौकशी नीट केली जाते. ती अंधारात कशी वागते, हात थरथरला तर सांभाळून घेते का, धूळ-पाणी सोसते का, पाच वर्षांनी तिला कोणी विचारील का आणि मुख्य म्हणजे फोटोच्या कोपऱ्यात कशी आहे, धूसर की स्पष्ट, हे सारे पाहिले जाते. श्रेयस कोपऱ्यात कसा आहे, हे कोणीही विचारले नाही.

लेन्सच्या बाजारात गोकुळला जो नियम सापडला तो असा: जी हलकी ती अंधारात आंधळी, जी डोळस ती जड आणि जी हलकीही आहे आणि डोळसही, ती लांबवर पोचत नाही. म्हणजे तीन गुणांपैकी कोणतेही दोन मिळतात. (रुखमाबाईंच्या मते हा नियम जावयांनाही लागू आहे, पण त्यांनी श्रेयसला तेव्हा एकदाच पाहिले होते.) मार्गदर्शनासाठी गोकुळ इंटरनेटवरच्या तज्ज्ञांना शरण गेला. हे तज्ज्ञ कोणतीही लेन्स हाती आली की प्रथम विटांच्या भिंतीचा फोटो काढतात. जगातले सर्व पक्षी, वाघ आणि नवऱ्या सोडून भिंतच का, हे ते सांगत नाहीत. गोकुळच्या घराची मागची भिंत सुदैवाने बिनगिलाव्याची होती. अकोल्याहून, जळगावहून उसन्या आणलेल्या लेन्सांनी तो तिचे फोटो काढू लागला. भिंत घरातल्या कोणाहीपेक्षा चांगली येत होती.

"आता गिलावा होते वाटते एकदाचा," असे म्हणून रुखमाबाईंनी मागची तुळस हलवून घेतली.

भिंतीवरची परीक्षा झाल्यावर चेहऱ्यावरची घेणे आले. त्यासाठी गोकुळ समीक्षाला रोहिणखेडला घेऊन गेला. तिथल्या जुन्या मशिदीच्या दगडावर बारीक नक्षी आहे. नक्षी आणि बहीण दोन्ही एका चौकटीत स्पष्ट आली, तर लेन्स पास, असा निकष होता. पहिली लेन्स पेरूएवढी होती. तिच्यासाठी गोकुळ रस्त्याच्या कडेला उभा राहिला. दुसरीसाठी रस्ता ओलांडला. तिसरी सर्वांत लांब पल्ल्याची होती आणि तिला बूड टेकायला स्वतःचा पाय होता. तिच्यासाठी तो एका पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावराच्या बांधापर्यंत गेला. बोलणे ऐकू येईना म्हणून दोघांनी फोन लावले.

"दादा, तू मले दिसूनच नाही राह्यला," समीक्षा फोनवर म्हणाली.

"हे बरोबर आहे. तू मले दिसून राह्यली ना? पापनीचा केस न् केस दिसून राह्यला."

"आरं पन उनात किती उभं राहू? जवळ ये ना जरासा."

जवळ आलो तर परीक्षा कशाची, हे गोकुळने तिला शांतपणे समजावून सांगितले आणि आणखी वीस पावले मागे गेला. तिसरी लेन्स पास झाली. ती सव्वा किलोची होती. नव्या हलक्या कॅमेऱ्यासह एकूण वजन जुन्या कॅमेऱ्यापेक्षा थोडे अधिकच भरले, परंतु त्यात कॅमेऱ्याचा वाटा नगण्य होता, हे मान्य करावेच लागेल.

लग्न मलकापुरातच, महामार्गाजवळच्या एका कार्यालयाच्या लॉनवर, सकाळच्या मुहूर्ताला होते. आदल्या दिवशी हळदीच्या गडबडीत रुखमाबाईंनी मुलाला गाठले.

"उद्या तू भाऊ राह्यशीन का फोटूवाला?"

"दोन्ही," गोकुळ म्हणाला.

ही त्याची प्रामाणिक समजूत होती. तो मामेभाऊ कुलदीपला (ज्याच्या रीलना बोदवडपर्यंत प्रेक्षकवर्ग आहे) सांगून गेला, "काही लागलं तं फोन कर बे." मग त्याने कार्यालयाच्या पाण्याच्या टाकीची लोखंडी शिडी धरली. खालून पाहता मोबाईलवाल्या हातांचे रान माजलेले असते, पण वरून पाहिले तर हातांच्या वरून मंडप दिसतो, हा त्याच्या अकरा महिन्यांच्या अभ्यासाचा कळस होता. टाकीवर बूड टेकून त्याने लेन्सचा पाय रोवला.

आणि लेन्सने केले ते कोणत्याही माणसाने केले नसते. तिने समीक्षाला त्याच्या डोळ्यापुढे आणून बसवले. नथीतला मोती, कपाळावरचा घाम, हिरव्या चुड्याला चिकटलेला अक्षतांचा एक दाणा. फक्त चेहऱ्यापुढे दर क्षणी कोणाचा तरी मोबाईल येत होता, कारण हौशी मंडळी आता हात वर करून मोबाईलला काठीही लावतात. अंतरपाट पडला, मोबाईल. हार घातले, मोबाईल. मंगळसूत्र, मोबाईल आणि एक लहान मूल. गोकुळ थांबला. थांबणे त्याला येत होते.

मग होम पेटला आणि गुरुजी काहीतरी म्हणाले. इतक्या लांबून त्यांचे फक्त ओठ दिसले. पुन्हा म्हणाले. रुखमाबाई उठून इकडेतिकडे पाहू लागल्या. आणि एकाएकी, कोणीतरी हुकूम दिल्याप्रमाणे, मांडवातला एकेक हात खाली आला. करवल्या, मित्र, आत्या, मावशा, सगळ्यांनी मोबाईल खाली घेतले आणि माना वळवल्या. चौकट रिकामी झाली. मधोमध समीक्षा होती, होमाच्या उजेडात, ओंजळ पुढे धरलेली, मान वर करून चारी दिशांना पाहणारी. तिचे डोळे भरून आले होते. गोकुळचे बोट आपोआप दाबले गेले आणि दाबलेलेच राहिले. पंधरा वर्षांत असा फोटो त्याला मिळाला नव्हता.

खिशात फोन वाजत होता, तो त्याने मंडपातला क्षण निसटू नये म्हणून घेतला नाही.

प्रसंग काय होता, हे त्याला शिडी उतरताना समजले. होमाच्या वेळी नवरीचा भाऊ बहिणीच्या ओंजळीत लाह्या घालतो आणि नवरदेवाचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, एवढाच त्याचा अर्थ. संपूर्ण विवाहविधीत नवरीकडच्या माणसाला नवरदेवावर हात टाकण्याची ही एकमेव अधिकृत संधी आहे आणि ती पुन्हा मिळत नाही. "नवरीचा भाऊ कुठे आहे?" असे गुरुजी विचारत होते आणि सगळा मांडव त्याला शोधत होता. गोकुळ धावत पोचला तोवर कुलदीपने श्रेयसचा कान पिळला होता. एका हाताने पिळला, दुसऱ्या हाताने त्याचे चित्रण केले. पेटलेला होम खोळंबून चालणार नव्हते, त्यामुळे कोणाला दोष देता येत नाही. गोकुळला मात्र आयुष्यात प्रथमच आपल्या गळ्यातल्या वस्तूची लाज वाटली. श्रेयसचा कान अजून लाल होता आणि तो त्याला उघड्या डोळ्यांनी स्पष्ट दिसत होता.

पाठवणीच्या वेळी समीक्षा त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. सवयीने त्याने कॅमेरा वर केला. पण या लेन्सला इतक्या जवळचे दिसत नाही. ती घरघरली, पुढेमागे झाली आणि बहिणीचा नुसता लाल-पिवळा धब्बा दाखवत राहिली.

"आला का फोटो?" समीक्षाने विचारले.

"आला."

"मोबाईल नाही ना कोनाचा?"

"नाही."

"मंग पाह्य घरी जाऊन, मी कोनाले धुंडून राह्यली होती ते," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

तो फोटो आज गोकुळच्या स्टुडिओच्या दर्शनी भिंतीवर आहे. चार बाय तीन फुटांचा, चारी कोपऱ्यांत एकसारखा स्पष्ट. समीक्षा माहेरी आली की त्याच्याकडे पाठ करून बसते. बाकी ज्याने ज्याने तो पाहिला, तो थबकला आहे. पाहणाऱ्यांपैकी शेकडा दोन आपला मोबाईल काढून फोटोचा फोटो घेतात. उरलेले अठ्ठ्याण्णव एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे लेन्स कोणती. ती मुलगी कोणाकडे पाहते आहे, हे आजवर एकानेही विचारलेले नाही.

लेन्सचे नाव राहून गेल्याची चुटपुट इथवर वाचणाऱ्यांनाही लागली असेलच. नाव कळवायला गोकुळची हरकत नाही. आपल्या घरातल्या शेवटच्या लग्नात नवरीच्या डोळ्यांत पाणी नेमके कधी आले होते, तेवढे अर्जदाराने आधी सांगावे, आणि ते मोबाईल न उघडता.