पाठमोरे परब सर

चाळीच्या जिन्यावरून मी घसरले, तेव्हा शेजारचे परब सर धावत आले आणि पहिलं काय विचारलं असेल, तर "वहिनी, वजन कुठल्या पायावर होतं?" मी इथे कळवळतेय आणि हे मला गुरुत्वमध्य समजावतायत! पुढच्या जन्मी तरी साधा शेजार मिळो, असं तेव्हा मनापासून वाटलं.

सरांनी आयुष्यभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. निवृत्त झाल्यावर शिकवायला कोणी उरेना, म्हणून त्यांनी माझ्या लेकीला, सायलीला धरलं. ती लांब उडी मारायची. मैदानातच काय, लालबागच्या फुटपाथवरही सरांचं सुरू असायचं: "बाय, वेग हेच भांडवल. नुसतं वर उडायला बघशील तर पुढचं गमावशील. आणि शेवटचं पाऊल आखूड!" मासळीची पिशवी घेऊन डबकं ओलांडणाऱ्या बायकांनाही ते कोन सांगायचे. शिव्याही खायचे.

पण खरा विक्षिप्तपणा पुढेच. सायली धावायला लागली की सर पाठ फिरवायचे. पावलं तेवढी कान देऊन ऐकायचे, उडी कधी बघायचेच नाहीत. "उडी घ्यायची फळी सुटली की आपल्या हातात काय नसतं, वहिनी. हवेत गेल्यावर कोणाला वेग वाढवता येतो? मग बघून काय करायचं?"

वडाळ्याला निवड चाचणी होती. तीन उड्या. एक तरी चांगली पडली तर पुण्याच्या क्रीडा वसतिगृहात जागा, नाहीतर वयामुळे पुढच्या वर्षी संधीच नाही. पहिली उडी फाउल, पाय फळीच्या पुढे. दुसरीही फाउल. लाल झेंडा वर गेला. सायली रडकुंडीला आलेली.

मी सरांवरच डाफरले, "मोजमापं करकरून पोरीचा घात केलात तुम्ही!"

सर ऐकतच नव्हते. कठड्याशी रुमाल हवेत धरून उभे होते. "सायले, वारा मागून येतोय गो! त्यात तू घाबरून जोरात सुटतेस. पाऊल लांब पडतंय, म्हणून फळी ओलांडतेस. धावायची खूण एक वीत मागे घे!"

ती वाकून वीत मोजायला लागली, तसे ओरडले, "तुझी नको, माझी वीत! तुझी आणि वर चार बोटं!"

सायली धावली. सरांनी पाठ फिरवली आणि माझ्या पर्सचा पट्टा मुठीत आवळला. वाळूत धप्प आवाज झाला. शेवटी पांढरा झेंडा वर गेला, टेप लागली आणि पोरगी किंचाळत सुटली.

"झालं सर, झालं! वळा ना!"

"ऐकलं मी," ते तसेच उभे राहून म्हणाले. "शेवटचं पाऊल आखूड होतं."

सायली पुण्याला निघाली त्या दिवशी सगळी चाळ गॅलरीत आली. खाली टॅक्सी उभी. सर मात्र भिंतीकडे तोंड करून. त्यांचा मुलगा कॅनडाला गेला तेव्हाही ते असेच उभे होते, आणि तो अजून एकदाही आलेला नाही. काय माणूस आहे, पोटचा मुलगा जातोय तर ढुंकून बघत नाही, असं मीच तेव्हा सगळ्यांना सांगत सुटले होते. आता मात्र मला भडभडून आलं.

सायलीने टॅक्सीचं दार उघडलं, तसंच टाकलं आणि परत जिना चढून आली. गॅलरीभर तिची पावलं वाजली.

"शेवटचं पाऊल लांब पडलं, बाय," सर भिंतीलाच म्हणाले.

"मग इकडे बघून सांगा ना, सर."

सर वळले.